लाळ गोळा करायला जबलपूरला

लोक जबलपूरला जातात ते भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला. मी गेले ती म्हाताऱ्या माणसांची लाळ गोळा करायला. गाडीत समोरच्या बाईंनी "कशासाठी निघालात?" म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे धरलेला चिवड्याचा डबा हळूच मागे घेतला आणि झाकण लावलं. त्यानंतर जो विचारेल त्याला मी "नातेवाइकांकडे" असं सांगत गेले. तेही खोटं नव्हतं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. आमचा विषय तसा सोपा आहे, नाव तेवढं अवघड. आपल्या लाळेत, घामात, अश्रूंत, कातडीत, आतड्यात शरीर आपलं आपण काही बारीक रेणू तयार करत असतं. प्रथिनांचेच हे आखूड तुकडे, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांतले काही जंतूंना आणि बुरशीला मारतात. आपल्याला ताप येण्याआधी, डॉक्टरकडे जाण्याआधी, कितीतरी भानगडी ते परस्पर मिटवून टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लाळेतल्या अशा एका पेप्टाइडचं नाव हिस्टॅटिन. तोंडातल्या बुरशीला आवर घालणं हे त्याचं मोठं काम. कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात ही बुरशी फार माजते. पण काहींना होते आणि काहींना जन्मात होत नाही. हे असं का, ते पाहायला आम्हाला कवळीवाल्यांची लाळ हवी होती. जबलपूरच्या सदर भागातले दातांचे डॉक्टर तिवारी आमच्या कामात सामील झाले होते, आणि त्यांनी आयुष्यभर अर्ध्या सदरला कवळ्या बसवल्या होत्या. म्हणून जबलपूर.

महाराजपूर

स्टेशनवर सुधाकरमामा घ्यायला आले होते. माझ्या आईचे हे चुलतभाऊ. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इकडचंच झालं. मामा इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त होऊन आता जबलपूरच्या महाराजपूर भागातल्या कॉलनीत राहतात. पांढरी स्वच्छ पँट, खिशाला पेन, आणि तोंडात दुधासारखे शुभ्र, एका रेषेत बसवलेले दात.

"चलो, आली एकदाची," ते म्हणाले. "काहून एवढी वाळली तू? पुण्यात जेवण मिळून नाही राहिलं काय?"

मी वाकून नमस्कार केला. माझ्या हातातला थर्माकोलचा मोठा डबा त्यांनी घेतला आणि तो हलका लागताच निराश झाले. त्यांना वाटलं होतं, चितळ्यांकडचं काही खायचं असेल.

घरी कुंदामामी दारातच उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं, आणि मग डब्याकडे पाहून विचारलं, "यात काय आहे?"

"आत्ता काही नाही."

"आणि नंतर?"

मी सांगितलं. मामी खुर्चीवर बसल्या.

इथे मामींबद्दल सांगायला हवं. उष्टं आमच्याकडेही पाळतात, पण आमच्याकडे ते आईला दिसलं तर पाळतात. मामींच्या घरी उष्टं भिंतींनाही कळतं. वाढताना डाव ताटाला लागला तर तो डाव परत पातेल्यात जात नाही. पाणी सगळ्यांनी वरून प्यायचं. मामी स्वतः स्वयंपाक करताना चव घेत नाहीत, मीठ बरोबर पडलं की नाही हे वासावरून ठरवतात. आणि खरं सांगते, ते बरोबर असतं.

"लोकांची थुंकी," मामी म्हणाल्या. "तू एवढी शिकली, आणि लोकांची थुंकी जमा करून राहिली."

"मामी, लाळेत औषधी गुण असतात."

"असतील न. ज्याचे त्याच्या तोंडात असू दे."

शेवटी असं ठरलं की माझे नमुने डॉक्टर तिवारींच्या दवाखान्यातल्या फ्रीजमध्येच राहतील. महाराजपूरच्या या घरात एक थेंबही येणार नाही. मी शब्द दिला.

रात्रीच्या जेवणाला भरली वांगी होती, झुणका होता, ज्वारीची भाकरी होती. मी दोनदा वांगी मागून घेतली. मामांनी मात्र ताटात नुसता दहीभात घेतला. तो कालवला, गिळला, आणि उठले. मामी त्यांच्या ताटाकडे पाहत राहिल्या.

भांडी आवरताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाहिलं न? दोन महिने झाले, माझ्या हातचं खाऊन नाही राहिले हे. भाजीला हात लावत नाहीत."

"का?"

"रागावले आहेत. यांच्या वहिनीने नागपूरहून मसाला पाठवला होता. मी म्हटलं, याला काही वास नाही. तेव्हापासून."

"ते तसं म्हणाले?"

"ते काहून म्हणतील? म्हणत नाहीत म्हणूनच तर कळते न."

सदर

सदर म्हणजे छावणीचा बाजार. दुकानं, खाण्याच्या गाड्या, फौजी कुटुंबं. सकाळी तिथे पोहे आणि जिलबी एकत्र खातात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं घालतात, इथे शेव, आणि शेजारी गरम जिलबी. मला आधी हे चुकीचं वाटलं. दुसरी प्लेट मागवल्यावर तसं वाटेनासं झालं.

डॉक्टर तिवारी गोल, हसरे गृहस्थ. त्यांनी दवाखान्याच्या बाकावर कवळीवाले रांगेत बसवून ठेवले होते. नियम असे होते: तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही, पान-तंबाखू नाही. शांत बसायचं, मान खाली घालायची आणि तोंडात आपोआप जमेल ती लाळ बर्फात ठेवलेल्या बारीक बाटलीत पडू द्यायची. थुंकायचं नाही, नुसती पडू द्यायची. बर्फ अशासाठी की लाळ बाहेर राहिली तर तिच्यातलेच इतर घटक माझ्या पेप्टाइडचे तुकडे करून टाकतात.

पहिले निवृत्त सुभेदार होते. ताठ बसून म्हणाले, "मॅडम, हुक्म कीजिए."

मी म्हटलं, बस, होऊ द्या. काही होईना. सुभेदारसाहेब बाटलीत पाहत होते, बाटली त्यांच्याकडे पाहत होती. शेजारच्यांचीही तीच गत. येताना ऑटोतून मी पाहिलं होतं, चालत्या गाडीवरून नेम धरून नाल्यात पिचकारी टाकणारे लोक या गावात आहेत. पण इथे, आदराने, खुर्चीवर बसवून मागितल्यावर कोणाच्या तोंडाला पाझर फुटेना.

"संकोच हो रहा है इनको," डॉक्टर म्हणाले. "लेडीज के सामने।"

मी पाठ फिरवून बसले. तरी नाही.

मग डॉक्टर तिवारी खुर्ची ओढून मधोमध बसले आणि, काही विशेष नाही अशा आवाजात, बोलू लागले. कमानिया गेटजवळ खव्याची जिलबी मिळते. काळपट, जाड. कढईतून काढतात आणि पाकात सोडतात. पाक आतपर्यंत जातो. मग ती दाताने चावावी लागत नाही, जिभेवर ठेवली की...

"बस, डॉक्टर साहब," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी घाईने मान खाली घातली.

आंबट पदार्थ जिभेवर ठेवून लाळ काढायला आमच्या पद्धतीत मनाई आहे. जिलबीबद्दल बोलायला मनाई आहे असं कुठे म्हटलेलं नाही. मी पुण्याला आल्यावर आमच्या प्रमुखांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्यांना एकच जिलबी सांगितली ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग चालेल."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या भरल्या. मी त्या ठेवायला दवाखान्याचा फ्रीज उघडला आणि आतून उबदार वारा आला. फ्रीज बंद पडला होता. डॉक्टरांनी त्याला थोपटलं, प्लग काढून लावला, पाठीमागे लाथ मारली. फ्रीज तसाच. कमानिया गेटकडे त्यांच्या ओळखीच्या पॅथॉलॉजीवाल्याकडे मोठा डीप-फ्रीझर होता, पण ते दुकान आता सोमवारी उघडणार होतं, आणि आज शनिवार होता.

डबा घेऊन मी बाहेर आले तर मामा मला घ्यायला आलेले. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"तुझी मामी तर हा डबा पाहूनच आपल्याला बाहेर काढेल," ते म्हणाले. मग डबा माझ्या हातातून घेतला. "पण पाहीलच काहून ती?"

श्रीखंडाचा डबा

मामींच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे, श्रीखंडाचा एक रिकामा डबा आम्ही ठेवला. त्यात पिशवीत गुंडाळलेल्या माझ्या बाटल्या. मामींनी घरातले असे डबे खिळे आणि सुतळी ठेवायला मामांना दिलेले होते, त्यामुळे त्यातला एक कमी झालेला कोणाला कळणार नव्हता. दिलेला शब्द मी मोडला होता आणि मला वाईट वाटत होतं. तरीही नमुने गोठले की नाही हे पाहायला मी पुन्हा एकदा उठून गेले.

मला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. रविवारी मामींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

सकाळपासून कैरीची डाळ वाटणं, पन्हं गाळणं, भिजलेले हरभरे उपसणं चालू होतं. गौर पाळण्यात बसली. तिच्यापुढे कलिंगड, करंज्या, मोगरा. दुपार कलली तशा बायका यायला लागल्या. मराठी बायका थोड्या, हिंदी शेजारणी जास्त, आणि सगळ्या मिळून मामींशी अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत होत्या. मामींनी मामांना आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, की कमानिया गेटकडून हळदीकुंकवासाठी अत्तर आणा. मामा विसरले होते. मामींनी सकाळी विचारलं तेव्हा ते "हो, पाहतो" असं म्हणून अंगणात जाऊन बसले होते.

पन्ह्यासाठी बर्फ काढायला मामी फ्रीजकडे गेल्या. मी त्या वेळी एका बाईंना डाळ वाढत होते. वळून पाहिलं तर मामींच्या हातात श्रीखंडाचा डबा, आणि डबा उघडा.

आत बोटभर उंचीच्या, घट्ट झाकणांच्या, सुबक बाटल्या. त्यावर नुसते आकडे. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. मी त्यांना आल्यापासून तसं पाहिलं नव्हतं.

"आणलं वाटते यांनी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आणि गरमीत उडू नये म्हणून थंडात ठेवलं. बोलले पण नाही."

"इत्र है क्या, भाभीजी?" शेजारच्या मिश्रा आंटींनी विचारलं आणि मनगट पुढे केलं.

"इत्र ही है। इतने सारे ले आए।" मामींनी एक बाटली उचलली आणि झाकण पिळलं. "जम गया है, रुको।" त्यांनी बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळायला सुरुवात केली.

मी डाळीचं भांडं कुठे ठेवलं ते आठवत नाही.

"मामी, ते लावू नका."

"काहून?"

खोलीत गौरीसकट सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी मनात पाचसहा उत्तरं तयार केली, त्यातलं एकही वेळेवर तोंडात आलं नाही.

"ती सुभेदारसाहेबांची लाळ आहे," मी म्हणाले.

मिश्रा आंटींना मराठी थोडं थोडं कळतं. लाळ म्हणजे काय हे त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं. मिश्रा आंटींनी मनगट पदराखाली घेतलं.

मामी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली डब्यात ठेवली, डबा अंगणातल्या धुण्याच्या दगडावर, भर उन्हात नेऊन ठेवला, आणि येऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग बर्फाचे सगळे ट्रे काढले.

"हा बर्फ पण घेऊन जा," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या शेजारी होता."

अशा रीतीने माझ्या नमुन्यांना जबलपुरात कधी नव्हे एवढा बर्फ मिळाला. अंगणात मामा उभेच होते, सगळं ऐकलेलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने मिठाचा डबा आणला आणि बर्फात मूठ मूठ टाकलं. कुल्फीवाले असंच करतात, त्याने बर्फ आणखी गार होतो. थर्माकोलच्या डब्यात आम्ही बाटल्या पुरल्या, वर पोतं घातलं, आणि डबा जांभळाच्या सावलीत ठेवून मी त्याच्यावर बसले.

मला वाटलं होतं, बायका निघून जातील. पण इतकी चांगली गोष्ट घडल्यावर कोण जाणार? थोड्या वेळाने पन्ह्याचे पेले घेऊन, कोमटच, त्या एकेक करून अंगणात आल्या आणि माझ्याभोवती उभ्या राहिल्या. लाळेत असतं तरी काय, हे त्यांना ऐकायचं होतं. मी सांगितलं. घामात असतं का? असतं. रडण्यात?

"अश्रूंतही असतं."

"म्हणूनच," एक बाई गंभीरपणे म्हणाल्या, "माझ्या सुनेचे डोळे इतके चांगले आहेत."

मिश्रा आंटींनी कोपर पुढे केलं. त्यावर चंदेरी खवले आलेले, लाल कडा. किती मलमं लावली तरी जात नाही, म्हणाल्या. मी डॉक्टर नाही हे मी आधी सांगितलं. मग म्हटलं, हा सोरायसिस असेल तर तिथे ही पेप्टाइडं कमी नसतात, उलट फार जास्त असतात. म्हणून कातडी फाटूनही तिथे सहसा पू होत नाही. पण तीच अति झाली की शरीराला सारखी डिवचत राहतात, आणि सूज जात नाही. कमी असली तरी त्रास, जास्त असली तरी त्रास.

"बिलकुल मेरी ननद जैसा," मिश्रा आंटी म्हणाल्या. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं मात्र त्यांनी कबूल केलं.

बायका गेल्या. ऊन उतरलं. मामी दारात आल्या आणि मामांसमोर उभ्या राहिल्या. मी डब्यावरून उठायला हवं होतं, पण उठले नाही.

"मला वाटलं, तुम्ही अत्तर आणलं," मामी म्हणाल्या.

मामा माझ्या डब्यावरचं पोतं नीट करायला लागले.

"दोन महिने माझ्या हातची भाजी तोंडात घातली नाही. वहिनीच्या मसाल्याला बोलली म्हणून एवढा राग. आणि कोण कुठल्या सुभेदाराची थुंकी माझ्या फ्रीजमध्ये ठेवायला तुम्हाला चालते."

"कोणत्या मसाल्याला?" मामांनी विचारलं.

"नागपूरच्या."

"तो मसाला? त्याला तर खरंच वास नव्हता."

"मग जेवून काहून नाही राहिले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग जांभळाकडे, मग शेवटी म्हणाले, "तोंड जळते माझं. तिखट काही लागलं की आग होते. भाकरी तर काचेसारखी टोचते."

"आणि सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतं. डॉक्टर म्हणते, रात्री कवळी काढून ठेवा. मला माहीत आहे न. आधी पण म्हटलं होतं त्यानं."

"मग काढायची."

"तू पाहिलं असतं मला," मामा म्हणाले. "बिनदाताचा."

मामींना कवळी आहे हे माहीत होतं, पैसे त्यांनीच काढून दिले होते. पण इतक्या वर्षांत मामांनी ती त्यांच्यासमोर एकदाही काढली नव्हती. न्हाणीघरात कडी लावून धुवायची आणि ओलीच घालून बाहेर यायचं. झोपेतसुद्धा दात तोंडात.

मी डब्यावर बसून होते, आणि मला माझीच लाज वाटली. इतक्या लांबून मी कवळीवाल्यांची तोंडं शोधत आले होते, आणि ज्या ताटाशेजारी रोज बसून जेवत होते तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

कमानिया गेट

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मामी बाहेर बसणार होत्या, पण डॉक्टर तिवारींनी "आइए, आइए" म्हणून त्यांना आत घेतलं. मामांनी भिंतीकडे तोंड करून कवळी काढली आणि हातरुमाल तोंडावर धरला. डॉक्टरांनी तो हळूच बाजूला केला. टाळू लालभडक होती, आणि लाली बरोबर कवळीच्या आकाराची, जणू कोणी कवळी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली असावी.

बुरशीच होती. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध सुरू केलंय का? मामा कुजबुजले: लघवीच्या त्रासाची एक गोळी, अडीच महिन्यांपासून. त्या जातीच्या गोळ्यांनी पुष्कळांचं तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की तिच्यातली पेप्टाइडंही कमी पोचतात, त्यात कवळी रात्रंदिवस टाळूला चिकटलेली. बुरशीला आणखी काय पाहिजे? डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं, गोळी बदलता येईल का ते ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं, आणि स्वच्छ करून टाळूकडची बाजू नीट बसवायला कवळी दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतली.

"औषध सुरू करने से पहले," ते मला म्हणाले, "इनका सैंपल?"

मामांनी मान डोलावली. मी बाटली दिली. त्यांचं तोंड कोरडं ठणठणीत. डॉक्टरांनी जिलबीपासून सुरुवात केली, काही उपयोग झाला नाही. मामांना गोड आवडतच नाही.

मामी इतका वेळ खिडकीशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळून त्यांनी त्या पदरात बाटली धरली आणि मामांच्या हनुवटीखाली आणली.

"उद्या," त्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या, "पाटवडीचा रस्सा करते. तिखट कमी. वरून कोथिंबीर. तेलाचा तवंग तुम्हाला आवडतो तसा. बेसनाच्या वड्या रश्शात भिजून मऊ होतात, दात लागत नाहीत. सोबत भात, आणि वर..."

पहिला थेंब पडला. मग दुसरा. डॉक्टर तिवारींना पाटवडी काय ते माहीत नव्हतं, तरी त्यांनीही आवंढा गिळला.

नमुने घेऊन आम्ही कमानिया गेटला पॅथॉलॉजीवाल्याकडे पोचलो. शनिवारच्या सगळ्या बाटल्या घट्ट गोठलेल्या होत्या, मिठाच्या बर्फाने, आणि रात्री मामांनी बाजारातून आणून टाकलेल्या आणखी बर्फाने, आपलं काम चोख केलं होतं. शेवटी त्या तशाच गोठलेल्या पुण्याला पोचल्या हे आत्ताच सांगून टाकते. निकालाला मात्र वेळ आहे, आणि आमचे प्रमुख अजून जिलबीवर विचार करतायत.

परतताना मामा गळ्यातला गमछा तोंडावर गुंडाळून एका दुकानात शिरले. आम्ही बाहेर थांबलो. आतून आवाज येत होते.

"इत्तय हे?"

"क्या चाहिए, बाबूजी?"

"इत्तय. इत्तय."

दुकानदाराने त्यांना आधी सुतळी दाखवली, मग स्टूल. मामी पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. मी मदतीला निघाले तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "मागू दे त्यांना."

बऱ्याच वेळाने मामा घामाघूम होऊन बाहेर आले. हातात एक छोटी कुपी होती. मामींनी ती उघडली, वास घेतला, आणि लगेच मनगटाला लावली. मग माझ्या मनगटालाही. वास मोगऱ्याचा होता आणि जरा उग्र होता, पण मी तसं म्हटलं नाही.

भेडाघाट

जायच्या आदल्या दिवशी मामी म्हणाल्या, "पोरगी जबलपूरला येऊन नर्मदा न पाहता गेली तर लोक काय म्हणतील?" मामांना यायचं नव्हतं. कवळी अजून दवाखान्यातच होती. मामींनी त्यांचा गमछा घडी करून त्यांच्या हातात दिला, आणि ते आले.

आधी धुवांधार पाहिला. पाणी इतक्या वरून पडतं की खाली पाणी दिसतच नाही, नुसता धूर. मग नावेत बसलो. दोन्ही बाजूंना पांढरे कडे, कुठे गुलाबी, कुठे निळसर झाक, आणि मधे हिरवं, अगदी संथ पाणी. वर ऊन रणरणत होतं आणि खाली नावेत गारवा. आमच्याकडे कृष्णेला घाट आहेत, पण अशी दगडाच्या भिंतींमधून चाललेली नदी मी पाहिली नव्हती. नावाडी वल्हं मारता मारता यमक जुळवून माहिती सांगत होता: हा दगड हत्तीसारखा, तो गाडीसारखा. मला सगळे दगडासारखे दिसले, पण मी मान डोलावत होते.

मामा नावेच्या एका टोकाला, मामी समोर, मी मधे. मामांनी गमछा नाकापर्यंत ओढलेला. एका अरुंद जागी नाव आली तसा नावाडी थांबला.

"बाबूजी, यहाँ आवाज़ लौटती है। बोलिए, नर्मदे हर।"

मामांनी हाताने नाही म्हटलं.

"बोलिए ना। यहाँ तक आके बिना बोले कोई नहीं जाता।"

मामांनी एकदा कड्याकडे पाहिलं, एकदा मामींकडे. मग गमछा खाली ओढला, मान वर केली, आणि पोटातून ओरडले.

"नम्मदे हय."

कड्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने, तितक्याच भक्तिभावाने, दोनदा परत केलं. नम्मदे हय. नम्मदे हय.

नावाडी हसला नाही, म्हणजे त्याने हसू नये म्हणून तोंड पाण्याकडे केलं. मी दगडाकडे पाहिलं. मामी मात्र मामांकडेच पाहत होत्या. मामांची गालफडं आत गेलेली, ओठ आत वळलेले, नाक हनुवटीला भेटायला निघालेलं, आणि डोळे घाबरलेले. मामींचा खांदा हलायला लागला. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. त्या इतक्या हसल्या की नाव डुलायला लागली आणि नावाड्याला "अम्माजी, सँभलके" म्हणावं लागलं. मामा आधी खजील झाले. मग त्यांचंही तोंड फाकलं, गुलाबी, रिकामं, आणि ते हसताना त्यातून नुसता वारा येत होता.

"एवढे चांगले तर दिसून राहिले," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं ते खोटे दात पाहून राहिली."

मामांनी गमछा परत वर घेतला नाही. नावाड्याने नाव काठाकडे वळवली, तसा मामींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"भैया, एक चक्कर और," त्या म्हणाल्या. मग मामांना, "चला, बोला परत."